कॅलेरोचा बास, अप्पा आणि पारा

काठावरची

सध्या आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत सासरे आलेत, सहा महिन्यांसाठी. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. भिगवणकडचे. उजनीचं पाणी चढलं तेव्हा ते विशीत होते, त्यामुळे आधी नदीतले आणि मग धरणातले अशा दोन्ही माशांशी त्यांचं जुनं वैर आहे. इथे पहिले पंधरा दिवस टीव्ही बघितला, पुढचे पंधरा दिवस खिडकी. मग मी एक दिवसाचं मासेमारीचं लायसन्स ऑनलाइन काढून दिलं आणि नवऱ्याने त्यांना शनिवारी सकाळी कॅलेरो जलाशयावर सोडलं.

दुपारी दोघे घरी आले ते ओल्या टॉवेलात गुंडाळलेला दीड फुटी बास घेऊन. हिरवट पाठ, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, आणि जबडा एवढा की माझी मूठ आत जावी. "मरळीचा चुलतभाऊ दिसतोय," म्हणत अप्पांनी सिंकमध्ये खवलं काढायला घेतली. मी मसाला वाटत होते. मुलीने फोनवर सहज तळ्याचं नाव टाकलं आणि म्हणाली, "आई, हे खायचं नाहीये."

तिथे फलक आहे. पकडलेला मासा परत सोडायचा, खायचा नाही. नवरा म्हणाला, फलक बघितला होता की, अप्पा त्यालाच टेकून बसले होते.

कारण पारा. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर न्यू अल्माडेनचे डोंगर आहेत. आज तिथे लोक कुत्री फिरवतात. पण १८४५ मध्ये अँद्रेस कास्तिल्येरो नावाच्या मेक्सिकन अधिकाऱ्याने तिथला लाल दगड ओळखला आणि पुढे ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी पाऱ्याची खाण झाली. लाल दगड म्हणजे आपला हिंगूळ. इथले मूळचे ओलोनी लोक त्याने अंग रंगवायचे. हिंगूळ भट्टीत भाजायचा, वाफ थंड करून पारा लोखंडी बाटल्यांत भरायचा आणि बाटल्या सिएरा नेवाडातल्या सोन्याच्या खाणींकडे पाठवायच्या, कारण सोन्याचे कण धरायला पारा लागतो. भाजून उरलेला चोथा ओढ्यांच्या कडेला टाकून द्यायचा. त्यात थोडा पारा शिल्लक असायचाच. पावसात तो खाली आला. १९३५ मध्ये खालच्या बाजूला ग्वादालूपे आणि अल्माडेन ही धरणं बांधली. कॅलेरो त्याच साली झालं. ते खाणीच्या थेट खाली नाही, पण अल्माडेनचं पाणी कालव्याने त्यात येतं.

मी हे सगळं अप्पांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अगं पण इथं तळ्यात मासे सरकारच सोडतं ना? मग सरकारचा मासा विषारी कसा?"

हा प्रश्न मला काही सुटेना. कारण खरंच, इथून जवळच्याच एका उद्यानातल्या तळ्यात ट्रकने ट्राउट आणून सोडतात, लोक रांगेने बसून पकडतात आणि घरी नेऊन खातात. तिथे अशी बंदी नाही. मग एका तळ्यातला मासा चालतो आणि दुसऱ्यातला नाही, हे कसं? आठवडाभर वाचलं. मला कळलं ते असं.

पारा पाण्यात नुसता असला तर तो माशात फारसा शिरत नाही. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी गरम होतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाचा ऑक्सिजन संपतो. तिथल्या गाळात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू असतात. ते पाऱ्याला मिथाइल नावाचा कार्बनचा छोटा गट जोडतात. हा मिथाइल पारा शेवाळात, शेवाळातून पाणपिसवांत, तिथून छोट्या माशात, मग मोठ्या माशात असा चढत जातो. प्रत्येक पायरीला वाढत जातो, कारण खाणाऱ्याच्या शरीरातून तो बाहेर पडायला फार वेळ लागतो. वरच्या पायरीवरच्या माशात पाण्यापेक्षा लाखो पट जास्त होतो.

बास हा त्या जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेला प्राणी. आणि गंमत म्हणजे तो कॅलिफोर्नियाचा नाहीच. माणसांनी हौसेसाठी पूर्वेकडून आणून सोडलेला. हॅचरीतला ट्राउट मात्र टाकीत गोळीखाद्यावर वाढतो, तळ्यात येतो आणि बहुधा काही आठवड्यांतच कुणाच्या तरी गळाला लागतो. तळ्यातलं जेवायला त्याला सवडच मिळत नाही.

म्हणजे अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर असं झालं की मासा कुणी सोडला हे महत्त्वाचं नाही. तो काय खाऊन, किती वर्षं, कुठल्या पाण्यात जगला यावर सगळं आहे. बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं. भारतात धरणांत एवढं मत्स्यबीज सोडतात, तिथलं काय, हेही कळलं तर बरं.

(बास कचऱ्यात गेला. अप्पा दोन दिवस नीट बोलत नव्हते.)

---

टोणगा

दंड किती बसला ते आधी सांगा.

---

काठावरची

टोणगा, बसला नाही. तुम्ही कुठे बोलू नका म्हणजे झालं.

---

आंबटगोड

बापरे. इतका छान मासा. एक भाबडा प्रश्न: कातडी काढून, चरबी काढून, चिंच-हळद लावून दोन तास ठेवला असता तर? आमच्याकडे बाजारच्या माशाचं काहीही शंकास्पद वाटलं की आजी हेच करायची.

---

उत्तरेचा_वारा

आंबटगोड, तुमच्या आजीचा उपाय उग्र वासावर चालतो, पाऱ्यावर नाही. मिथाइल पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. म्हणजे आपण जे खातो तिथेच. तळला तर पाणी उडून जातं आणि पारा तेवढाच उरतो, म्हणजे घासागणिक प्रमाण उलट थोडं वाढतंच. कातडी-चरबी काढायचा सल्ला काही दुसऱ्या विषारी रसायनांसाठी असतो, त्यामुळे लोकांचा घोळ होतो.

काठावरची, तुमचं बरोबर आहे. मी कॅनडातल्या ओंटारिओत तळ्यांच्या पाण्याचे नमुने तपासायचं काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. जरा लांबेल.

आमच्या प्रांताच्या वायव्येला प्रयोगासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या ६५८ नंबरच्या तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ पासून सात वर्षं मुद्दाम पारा सोडला. साधा नाही, वेगळ्या समस्थानिकांचा, म्हणजे खूण केलेला. कुठला पारा नवीन आणि कुठला जुना ते माशाच्या मांसात ओळखता यावं म्हणून. मग सोडणं थांबवलं आणि आठ वर्षं नुसतं मोजत बसले. छोट्या जिवांतला खुणेचा पारा झपाट्याने उतरला. पाइक या शिकारी माशात ७६ टक्क्यांनी कमी झाला. पण लेक व्हाइटफिशमध्ये ३८ टक्केच. म्हातारे मासे साठवलेला पारा लवकर सोडत नाहीत, तळ्यातला सरासरी आकडा उतरतो तो मुख्यतः नवीन पिढी स्वच्छ खाऊन वाढते म्हणून. पाइकची पिढी भराभर बदलते, व्हाइटफिशची सावकाश.

आता मासे सोडण्याबद्दल. तळ्यात मासा सोडणं म्हणजे जिन्याला पायरी जोडणं असू शकतं. आमच्याकडच्या लेक ट्राउटवर १९९४ मध्ये एक अभ्यास आला. दिसायला सारखीच तळी, आसपास कुठलाही कारखाना नाही, तरी काही तळ्यांतल्या ट्राउटमध्ये पारा कितीतरी जास्त. फरक एवढाच की जिथे मायसिस नावाची बारकी कोळंबी आणि स्मेल्टसारखे चाऱ्याचे मासे होते, तिथे ट्राउट एक-दोन पायऱ्या वर ढकलला गेला होता. पारा तेवढाच, जिना उंच. आणि उत्तर अमेरिकेतल्या कित्येक तळ्यांत ही मायसिस मत्स्यखात्यांनीच आणून सोडली होती, मोठ्या माशांना खाणं हवं म्हणून. हेतू चांगलाच होता हो.

---

हिरडा_बेहडा

धागा आवडला, पण हिंगूळ वाचून थांबले. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात हिंगुळापासूनच पारद काढतात, आणि शुद्ध केलेला हिंगूळ औषधातही जातो. मग हिंगुळाचा डोंगर शेजारी असल्याने मासा एवढा बाधतो हे जरा अति वाटतं.

---

उत्तरेचा_वारा

औषधाच्या वादात मी पडत नाही, ते माझं क्षेत्र नाही. पण डोंगरातला हिंगूळ तसा गप्प असतो, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हजारो वर्षं तो तिथे होताच. तो खणून, भाजून, त्याचा चोथा ओढ्यात लोटला आणि शिवाय धरण बांधून तळाला बिनऑक्सिजनचा गाळ तयार केला, तेव्हा जिवाणूंच्या हाती कच्चा माल आला. हिंगूळ आणि मिथाइल पारा यांच्यात फक्त पारा हा शब्द समान आहे असं समजा.

---

स्पष्टवक्ता

अमेरिकेत सगळ्याचीच भीती. आमच्या गावात लोक आयुष्यभर नदीचे मासे खाऊन नव्वदीला पोचले. एक बास खाऊन काय होणार होतं?

---

काठावरची

एक खाऊन अप्पांना बहुधा काहीच झालं नसतं. पण अप्पा एकावर थांबणारे नाहीत, आणि घरात सोळा वर्षांची मुलगी आहे. मिथाइल पारा शरीरातून निम्मा व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात. दर शनिवारी एक बास खाल्ला तर तो उतरायच्या आत पुढचा येतो. सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला, म्हणून इथल्या सूचनांमध्ये बायका आणि मुलांसाठी वेगळा, कडक तक्ता असतो.

---

कोळशाची_वखार

स्पष्टवक्ता साहेब, मी पण असंच म्हणायचो.

माझी नोकरी सगळी मध्य प्रदेश-उत्तर प्रदेश सीमेवरच्या सिंगरौली पट्ट्यात झाली. कुठल्या कंपनीत ते विचारू नका. क्वार्टरपासून रिहंदचं पाणी दिसायचं. गोविंद वल्लभ पंत सागर, १९६२ चं धरण, समुद्रासारखं पसरलेलं. काठाने एकामागून एक कोळशाची वीजकेंद्रं. कोळशात पारा किंचितच असतो, पण टनांनी जाळला की त्या किंचितचा हिशेब होतो. थोडा धुराड्यातून वाफ होऊन जातो, थोडा राखेत उतरतो. शिवाय त्या भागात कॉस्टिक सोड्याचा उद्योग होता, जुन्या पद्धतीत त्यात पाऱ्याच्याच घटात विजेने मीठ फोडायचे.

रविवारी सकाळी एक मल्लाह सायकलवर टोपली घेऊन कॉलनीत यायचा. माझ्या बायकोला बंगाली शेजारणीने शिकवलेलं, डोळे बघून घ्यायचा. आम्ही डोळे बघायचो, कल्ला उचलून बघायचो. लाल म्हणजे ताजा. पारा ना डोळ्यात दिसतो ना कल्ल्यात. २०१२ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तिथले नमुने तपासले तेव्हा डोंगिया नाल्याजवळच्या माशात मिथाइल पारा आपल्याकडच्या तेव्हाच्या ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) मर्यादेच्या जवळपास दुप्पट निघाला. माणसांच्या रक्ताचे-केसांचे नमुनेही घेतले होते, त्यातही पारा होता. मी तोवर निवृत्त होऊन नागपुरात आलो होतो. पेपरात वाचलं आणि पहिल्यांदा तो सायकलवाला आठवला. तो तर रोज खायचा.

---

गाळ

कल्याणकर इथे. उल्हास खाडीच्या गाळात पारा साठल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. तिथेही पाऱ्याच्या घटांवर चालणाऱ्या सोड्याच्या कारखान्यांचाच वारसा. कारखाने पद्धत बदलतात, गाळ तिथेच राहतो. माझं सदस्यनाम तेव्हापासूनचं.

---

भीमाकाठचा

काठावरची ताई, अप्पांना आमचा नमस्कार सांगा. आम्ही पण भिगवणजवळचेच, बोटी आमच्याही.

धरणात बीज सोडतात त्याचं विचारलंय तुम्ही. इकडं कटला, रोहू, मृगळ आणि सिप्रिनस ही बोटुकली सोडतात. हे शिकारी मासे नव्हेत. कटला वरच्या पाण्यातले बारके जीव खातो, रोहू मधलं शेवाळ-पाला, मृगळ तळाचं कुजकं. चिलापी तर न सोडताच एवढी झाली की जाळ्यात दुसरं कमीच येतं. वर्ष-दीड वर्षात मासा काट्यावर येतो आणि विकला जातो. तुमच्या हिशेबानं आमचे मासे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेत म्हणायचं.

पण एक गोष्ट सांगतो. मांगूर. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात २००० सालापासून बंदी, तरी तळी खोदून धंदा चालायचा. खायला काय घालायचे तर कोंबडीची आतडी, कत्तलखान्याचं काय काय. वास असा की बाजूनं जाता येत नव्हतं. हरित लवादाचा दणका बसल्यावर अधिकारी आले, जेसीबीनं खड्डे घेतले आणि टनानं मासा पुरला. पावसात बांध फुटला की हा मासा नदीत. आता तो नदीत काय काय गिळतो आणि कुठल्या पायरीवर चढतो, हे कोण मोजणार?

अन् पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचं काय? आता धरणाधरणांत पिंजरे लागायलेत. त्यातला मासा बरा का वाईट?

---

उत्तरेचा_वारा

भीमाकाठचा, फार चांगली माहिती. मांगुराचं ठाऊक नव्हतं.

पिंजऱ्याचं दोन भागांत बघा. आतला मासा आणि बाहेरचं तळं. आतला मासा गोळी खातो, लवकर वाढतो, लवकर विकला जातो. वजन भराभर वाढलं की जो काही पारा आला तो जास्त मांसात विभागला जातो. त्यामुळे आतला मासा बहुधा सुरक्षित बाजूला. गोळीत समुद्री माशांचं पीठ असतं, त्यातून थोडा पारा येतो. सोया वगैरे वाढवलं की तो कमी होतो.

बाहेरचा भाग अवघड. उरलेली गोळी आणि विष्ठा पिंजऱ्याखाली साचते, कुजते, तळाचा ऑक्सिजन खाते. गाळात आधीच पारा असेल तर जिवाणूंची चंगळ. उलट बाजूही आहे: खतावलेल्या पाण्यात शेवाळ माजतं आणि तेवढाच पारा जास्त शेवाळात वाटला जाऊन पातळ होतो. म्हणून पिंजरे आले की पारा वाढलाच असं सरधोपट म्हणता येत नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे खाऱ्या पाण्यात, सामनच्या पिंजऱ्यांजवळच्या जंगली रॉकफिशमध्ये पारा जास्त सापडल्याचा २००६ चा अभ्यास आहे. ते मासे दीर्घायुषी आणि शिकारी.

मला विचाराल तर पिंजरे कुठे लावताय ते आधी बघावं. राखेच्या बंधाऱ्याखाली, जुन्या कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी लावणार असाल तर आधी गाळ तपासा. नवीन भरलेलं धरण असेल तरीही. पाण्याखाली गेलेली माती आणि झाडपाला कुजताना जिवाणूंना खाद्य मिळतं आणि मातीत आधीपासून असलेला पारासुद्धा मिथाइल होतो. क्वेबेकच्या जेम्स बेमध्ये ला ग्रांद नदीवरची धरणं भरली तेव्हा आसपास एकही कारखाना नसताना माशांतला पारा कित्येक पट वाढला. पाइकसारख्या शिकारी माशांत तो उतरायला वीस-तीस वर्षं गेली. तिथल्या मूळच्या क्री लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण सोडावं लागलं.

---

स्पष्टवक्ता

हे वाचून जरा गप्प बसतो. तरी विचारतो, तुमच्या कॅलिफोर्नियात एवढे पैसे आहेत तर तळं साफ का करत नाहीत?

---

काठावरची

करतायत, म्हणजे प्रयत्न. खाणीच्या भागातला चोथा उचलून झालाय बऱ्याच ठिकाणी. त्यानंतर पाणीखात्याने या धरणांच्या तळाशी लांबच लांब सच्छिद्र पाइप टाकून ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली, म्हणजे जिवाणूंचं दुकानच बंद. पाण्यातला मिथाइल पारा उतरला. मासे मात्र त्या मानाने उतरले नाहीत. का, यावर भरपूर वाचायला मिळतं. मला पटलेलं कारण असं की खालचं पाणी हलवलं की शेवाळ आणि बारके जीव बदलतात, म्हणजे परत जिनाच बदलतो.

लक्ष्य किती कडक आहे बघा. ग्वादालूपेच्या खोऱ्यासाठी ५ ते १५ सेंटिमीटरच्या माशात ०.०५ पीपीएम, १५ ते ३५ सेंटिमीटरच्यांत ०.१. हे माणसांसाठीसुद्धा नाही, मासे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी. भारतात बहुतेक माशांसाठी एकूण पाऱ्याची मर्यादा ०.५ पीपीएम आहे. पक्ष्यांना फलक वाचता येत नाही (अप्पांनाही नाही).

आणि राज्याच्या जलाशयांसाठी जो आराखडा चर्चेत आहे त्यात खाण आणि तळाचं पाणी यांच्याबरोबर तिसरा मुद्दा चक्क मासे हाच आहे. कुठले सोडायचे, कुठले काढायचे, कमी पाऱ्याचे मासे जास्त सोडता येतील का. म्हणजे अप्पांनी जो प्रश्न सिंकपाशी विचारला त्यावर इथले सरकारी लोकही बसलेत.

---

टोणगा

अप्पांना सल्लागार नेमा. मानधन बासच्या स्वरूपात नको.

---

आंबटगोड

मग आता काय करताय? अप्पा खिडकीतच?

---

काठावरची

नाही, उद्यानातलं तळं सापडलंय. ट्रक कधी येतो त्याची यादी खात्याच्या साइटवर असते, ती छापून फ्रिजला लावलीय. काल पहाटे पाच वाजता गेले, स्वेटरवर स्वेटर घालून. दोन ट्राउट आणले, वीतभर लांब. अप्पांचा शेरा: "याला मासा म्हणायचं का? गळ टाकला की स्वतःच येतोय. ह्याला कुणी पळायला शिकवलंच नाही."

पण खाल्ले. आलं-लसूण-मिरची चोळून, रव्यात घोळवून, तव्यावर. मांस गुलाबीसर निघालं, काटा एका ओढीत बाहेर. मुलीने अख्खा एक संपवला. अप्पांनी अर्धा खाऊन ताट सरकवलं, म्हणाले मातीचा वास नाही, चवच लागत नाही.

भीमाकाठचा, तुमचा निरोप दिला. विचारतायत तुमची बोट कुठल्या घाटाला लागते, आणि मरळ अजून मिळते का.

---

भीमाकाठचा

कुंभारगावच्या बाजूला लागते. मरळ मिळते, पण नशिबानं. मागच्या आठवड्यात एक आली, सव्वा किलोची. अप्पा आले की ठेवतो म्हणावं एक.

---

उत्तरेचा_वारा

मरळ शिकारी आहे बरं का :)

---

भीमाकाठचा

म्हाईत आहे साहेब. म्हणून एकच म्हणालो.